२३ तासांचे बूट

वस्तूंची गोष्ट

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली. तळाशी, जुन्या दुपट्यांच्या गठ्ठ्याखाली, ते बूट सापडले. चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पुढून कापलेले म्हणजे बोटं उघडी राहतील असे. प्रत्येक बूट माझ्या तळहातावर मावेल एवढा. दोन्ही बूट एका लोखंडी पट्टीवर घट्ट बसवलेले आणि त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळलेली.

"बाबा, हे माझे?" लेकीनं विचारलं. ती आता १४ वर्षांची आहे.

"तुझेच."

"हे घालून मी झोपायचे?"

"चार वर्षांहून जास्त."

तिनं पट्टी हातात घेऊन वजन पाहिलं, बूट नाकाशी नेले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मला काहीच आठवत नाही."

मला सगळं आठवतं. गेल्या महिन्यात पाण्याच्या मीटरवर लिहिलं होतं, या महिन्यात अडकित्त्यावर लिहायचं ठरलं होतं. अडकित्ता थांबेल. ही वस्तू आधी, कारण कोजागिरीला आपल्या मंडळात भेटलेल्या एका तरुण जोडप्याला तिची गरज आहे. त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो.

लेक जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. टाच वर ओढलेली, तळवा उजव्या पायाकडे बघणारा. उजवा पाय अगदी व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, हा क्लबफूट. हजार बाळांमागे साधारण एकाला असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीनं दिसतो आणि जवळपास निम्म्या बाळांत दोन्ही पायांना असतो. बहुतेक बाळं बाकी सर्व बाबतींत निरोगी असतात. एकच एक असं कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, पण घराण्यात कोणालाच नसतानाही तो होतो. आमच्याकडे तसंच झालं होतं.

हे सगळं डॉक्टरांनी दहा मिनिटांत समजावलं. पण बाराव्या दिवशी बाळाला बघायला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी दुपटं बाजूला केलं, पाऊल पाहिलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "ग्रहण पाळलं होतंस ना गं? पाय दुमडून बसली असशील." बायको काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मी इंजिनियर, घरात विज्ञानाच्या गप्पा मारणारा, आणि त्या क्षणी मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. म्हणून आज लिहून ठेवतो: ग्रहणाचा, शिवण-टिपण करण्याचा, पाय दुमडण्याचा या पावलाशी काहीही संबंध नाही. पुढची आई तुमच्या घरातली असेल, तर हे वाक्य तुम्ही मोठ्यानं म्हणा. माझ्यासारखा ग्लास पुढे करू नका.

दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर सुरू झालं. या उपचाराला पोन्सेती पद्धत म्हणतात. इग्नासियो पोन्सेती हे १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेले डॉक्टर. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि लहानपणी हाही दुकानात हात लावायचा. स्पेनमधल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, मग देश सोडावा लागला, मेक्सिकोमार्गे १९४१ मध्ये ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोहोचले. तिथं त्यांना एक गोष्ट दिसली. लहानपणी शस्त्रक्रिया करून सरळ केलेली पावलं मोठेपणी ताठर व्हायची आणि दुखायची. त्यांनी सुरीऐवजी हात वापरायचं ठरवलं. तान्ह्या बाळाचं पाऊल बरंचसं कूर्चेचं असतं आणि त्याचे बंध हळूहळू ताणले जातात. म्हणून दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं बाहेर वळवायचं आणि त्या जागी ते धरून राहावं म्हणून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडं वळवायचं.

आमची सहा प्लास्टरं झाली. दर वेळी सकाळी कोमट पाण्यात पाय भिजवून जुनं प्लास्टर सोडवायचं आणि मग दवाखाना. साधारण पाच ते सात प्लास्टरांत बहुतेक पावलं वळतात. टाच मात्र वरच ओढलेली राहते, म्हणून टाचेच्या मागची जाड शीर भूल देऊन एका बारीक छेदानं सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात शीर पुन्हा जुळून येते, आता थोडी लांब होऊन. ते प्लास्टर निघालं तेव्हा पाऊल सरळ होतं. आम्ही पेढे वाटले.

पेढे जरा लवकर वाटले. डॉक्टर म्हणाले, "आता खरं काम सुरू. आतापर्यंत मी केलं, यापुढे तुम्ही करायचं." आणि हे बूट हातात दिले. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, फक्त आंघोळीपुरते काढायचे. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, वय चार-पाच वर्षं होईपर्यंत.

माझा पहिला प्रश्न इंजिनियरचाच होता. वाकडा पाय एक, मग बूट दोन का? आणि मध्ये ही पट्टी कशासाठी?

उत्तर सोपं आहे. घट्ट बसलेला नट सोडवताना दुसऱ्या बाजूचा बोल्ट धरावा लागतो, नाहीतर दोन्ही एकत्र फिरतात. नुसत्या एका बुटानं पाऊल बाहेर वळवून धरायला गेलं, तर सगळा पायच मांडीपासून फिरतो आणि पाऊल हळूच आत येतं. पट्टीमुळे चांगला पाय वळलेल्या पायाचा पाना होतो. पट्टीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. वळलेल्या पावलाचा बूट बाहेरच्या बाजूला ६० ते ७० अंशांवर, चांगल्या पावलाचा ३० ते ४० अंशांवर. पट्टीला थोडा बाक असतो, म्हणून पाऊल किंचित वर उचललेलं राहतं आणि टाचेची शीर पुन्हा आखडत नाही. बाळ गुडघे वाकवून लाथा झाडतं, त्या प्रत्येक लाथेला पोटरी ताणली जाते. म्हणजे व्यायाम बाळच करतं, बूट फक्त दिशा देतात.

आणि हे इतकी वर्षं का? कारण वळवलेलं पाऊल आपली जुनी सवय विसरत नाही. पहिल्या काही वर्षांत पाऊल झपाट्यानं वाढतं आणि वाढताना त्याचे बंध पुन्हा आत ओढायला लागतात. प्लास्टरनं जे मिळवलं ते टिकवायचं काम बुटांचं. बूट नियमित घातले नाहीत तर पाऊल पुन्हा वळण्याचं प्रमाण फार मोठं असतं. पाऊल उलटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

पट्टी ही कल्पना पोन्सेतींच्या आधीची. १९३० च्या दशकात लंडनमधले बालशल्यचिकित्सक डेनिस ब्राऊन बाळाची पावलं धातूच्या तळांना चिकटपट्टीनं बांधायचे आणि मध्ये आडवी पट्टी घालायचे. बाळानं लाथा झाडून स्वतःचं पाऊल स्वतःच सरळ करावं, ही अपेक्षा. पोन्सेतींनी वळवण्याचं काम प्लास्टरकडे दिलं आणि पट्टी राखणदारीला ठेवली. १९६३ मध्ये त्यांनी आपल्या कामाचा अहवाल छापला, पण पुढची तीसेक वर्षं जग शस्त्रक्रियाच करत राहिलं. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांचा ३० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. प्रौढ झालेली ती माणसं बिनदिक्कत चालत होती, कामं करत होती. मग हळूहळू सगळीकडे ही पद्धत आली. पोन्सेती २००९ मध्ये गेले, ९५ वर्षांचे होऊन. त्यांचा जन्मदिवस ३ जून हा आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

आता आमची चूक.

लेक अडीच वर्षांची होती. मे महिना, पुण्यात भाच्याचं लग्न, पुढे कोकणात दहा दिवस. उकाडा असा की मोठ्यांनाही अंगावर कपडा नको वाटत होता. रात्री बूट चढवायला घेतले की लेक सगळं कार्यालय डोक्यावर घ्यायची. आत्या म्हणाली, "अरे, पाय तर सरळ झालाय, किती छळाल पोरीला?" बायको म्हणाली, घालायलाच हवेत. आणि मी म्हणालो, "चार दिवस राहू दे." चार दिवसांचे दहा झाले, दहाचे वीस. इंदूरला परत आल्यावर बूट छोटे वाटायला लागले, नवीन मापाचे आणायचे म्हणून आणखी काही आठवडे गेले. नवे बूट आणायचं काम माझ्याकडे होतं.

जुलैतल्या एका सकाळी आंघोळ करून लेक मागच्या अंगणात पळाली. शहाबादी फरशीवर तिची ओली पावलं उमटली. उजवं पाऊल पूर्ण. डाव्याची फक्त बाहेरची कडा, बारीक चंद्रकोरीसारखी, आणि टाचेच्या जागी जवळजवळ काहीच नाही. मी ती फरशी वाळेपर्यंत बघत उभा होतो. माझ्या बाजूला बायको येऊन उभी राहिली. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

पुन्हा प्लास्टर. या वेळी तीन, पण अडीच वर्षांच्या, पळायची सवय लागलेल्या मुलीला. डॉक्टरांनी सांगितलं, यानंतरही वळलं तर थोडी मोठी झाल्यावर पायातली एक शीर जागा बदलून बसवायची शस्त्रक्रिया करावी लागेल. ती वेळ आली नाही, कारण त्यानंतर एकही रात्र चुकली नाही. ताप असला तरी विचारून, लग्न असलं तरी घालून, रेल्वेच्या बर्थवरसुद्धा. आत्याच नंतर लेकीला बूट घालून गोष्ट सांगायची. तिला कारण सांगितल्यावर तिनं एकदाही "छळ" म्हटलं नाही. कारण आधीच सांगायला हवं होतं, ते काम माझं होतं.

बूट नकोसे वाटण्यात पालकांचा हट्ट किंवा आळस एवढंच नसतं, बुटांचाही दोष असतो. हे जगभरच्या कारागिरांनी आणि इंजिनियरांनी ओळखलं आणि गेल्या पंचवीसेक वर्षांतली सुधारणा तिथंच झाली. आमच्या चामड्याच्या बुटात टाच वर सटकायची, मग घासून लाल व्हायची. आयोवातल्याच जॉन मिशेल यांनी पोन्सेतींबरोबर काम करून नवा बूट बनवला: पावलाच्या आकारात बसणारं मऊ अस्तर, तीन पट्टे आणि टाच नीट खाली बसली आहे का हे बघायला मागे भोकं. बूट पट्टीवरून खटकन निघतो, म्हणजे आधी बूट घालायचे आणि मग पट्टी अडकवायची. रात्री अडीच वाजता दुपटं बदलणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

अमेरिकेतले डॉ. मॅथ्यू डॉब्स यांनी पट्टीलाच सांधे दिले. त्यामुळे बाळ दोन्ही पाय वेगवेगळे हलवू शकतं, रांगू शकतं, आणि पावलाचा कोन मात्र बदलत नाही. युगांडात मायकिल स्टीनबीक या डच तंत्रज्ञानं उलट दिशेनं विचार केला. गावातल्या मोच्याला आणि वेल्डरला बनवता येईल असा बूट हवा. साधं चामडं, साधं लोखंड. तो नमुना आफ्रिकेत आणि भारतातही खूप वापरला गेला, आमचे बूट त्याच कुळातले. मिरॅकलफीट या संस्थेनं स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांबरोबर प्लास्टिकची रंगीत, हलकी आणि स्वस्त पट्टी-बुटांची जोडी तयार केली. ती एखाद्या खेळण्यासारखी दिसते, आणि दिसण्यालाही महत्त्व आहे. बूट बघून शेजारी "अरेरे" म्हणाले नाहीत, तर आई ते जास्त वेळ घालते.

एक सुधारणा मला वैयक्तिक टोचते. संशोधकांनी बुटाच्या आत नाण्याएवढा तापमान मोजणारा सेन्सर बसवला. बूट पायात असला की ऊब, काढला की गार. नोंद आपोआप. निष्कर्ष असा की पालक सांगतात त्यापेक्षा प्रत्यक्ष तास कमी भरतात. त्या मे महिन्यात आमच्या बुटात असा सेन्सर असता, तर डॉक्टरांनी विचारल्यावर मी जे "हो, घालतो ना, अधूनमधून चुकतं" म्हणालो, त्याचं बिंग तिथंच फुटलं असतं. आणि बरं झालं असतं.

एकाच पायाला घालायचे, पट्टी नसलेले प्रकारही विकायला असतात. मोह होतो. पण पान्याचं गणित आठवा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

आता कोजागिरीची गोष्ट. मंडळाच्या गच्चीवर एक तरुण जोडपं कोपऱ्यात बसलं होतं. बाळ शालीत गुंडाळलेलं, आणि शालीखालून प्लास्टरची दोन टोकं दिसत होती. दोन्ही पाय. बाळाची आई जरा वेळानं हळूच म्हणाली, "काका, ही चालेल ना नीट?" मी मसाला दुधाचे ग्लास वाटणाऱ्या मुलींकडे बोट दाखवलं. "त्या चौघींतली एक माझी. कोणती, ते ओळखा." तिनं बराच वेळ बघितलं. ओळखता आलं नाही. खरं तर खूण आहे. लेकीची डावी पोटरी थोडी बारीक आहे आणि डावं पाऊल अर्ध्या मापानं लहान. बूट घेताना आम्ही डाव्यात जाड सुकतळा घालतो. एवढंच. ती शाळेच्या खो-खो संघात आहे.

बूट सापडल्यावर मी त्यांना फोन केला, आणि त्यांनी विचारलं, "ते आम्हाला मिळतील का?" मी नाही म्हणालो. कंजूषपणा नव्हे. बूट मापाचेच हवेत, कोन आणि लांबी त्या बाळासाठी डॉक्टरांनी किंवा बूट बनवणाऱ्यांनी बसवायची असते. पैशांची अडचण असेल तर सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहून सुरू झाला आणि त्यात जन्मतः तपासायच्या व्यंगांमध्ये क्लबफूटचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, अनेक ठिकाणी आठवड्यातला एक दिवस याच मुलांसाठी ठेवलेला असतो.

बुटांऐवजी मी त्यांना बायकोनं सांगितलेल्या गोष्टी दिल्या, त्या इथंही देतो. मोजे सुती, बोटं झाकणारे. आधी मधला पट्टा आवळायचा, तो टाच खाली बसवतो, मग बाकीचे. टाच बसल्यावर बोटं जिथं येतात तिथं आतल्या तळावर पेननं रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी बोटं मागे दिसली तर टाच सटकली आहे. लाल डागावर तेल-क्रीम लावायचं नाही, त्यानं कातडी आणखी मऊ पडते. डाग जात नसेल किंवा फोड आला तर दवाखान्यात दाखवायचं. पट्टीला जुन्या साडीची घडी गुंडाळायची, म्हणजे पाळणा आणि आईबापांच्या नडग्या वाचतात. पहिले दोन-तीन दिवस बाळ रडतं, बूट दुखतात म्हणून नव्हे, पाय सुटे नाहीत म्हणून. तेव्हा पट्टी धरून दोन्ही पाय एकदम वाकवायचे-सरळ करायचे, खेळ म्हणून. एकदा लाथ जमली की ते हसायला लागतं. आणि झोपेआधी दात घासण्यासारखी ती रोजची गोष्ट करायची, जिच्यावर घरात चर्चा होत नाही.

बाळाची आई शेवटी म्हणाली, "माझ्या सासूबाईंशी तुम्ही बोलाल का? ग्रहणाबद्दल." या वेळी मी ग्लास पुढे केला नाही. रविवारी पोह्याच्या वेळी दोघंही त्यांच्याकडे गेलो, मी आणि बायको. बोललो. सासूबाईंनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "बूट घातल्यावर मालिश कधी करायची?" मी म्हटलं, "आंघोळीच्या त्या एका तासात. ती जबाबदारी तुमची."

ट्रंकेतले बूट आता माळ्यावर गेलेले नाहीत. लेकीनं ते स्वतःच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलेत, खो-खोच्या चषकाशेजारी. चषकापेक्षा ते जड आहेत, असं तिचं म्हणणं.

पुढच्या महिन्यात नक्की अडकित्ता.